शांतिसेनेच्या मिशनमध्ये आचरण आणि शिस्त: हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेना मिशनमध्ये आचरण आणि शिस्त विभागात नवा माणूस रुजू झाला की बाकीचे त्याच्याकडे फौजदार आल्यासारखं बघतात. तो मेसमध्ये येऊन बसला की टेबलावरचा विषय बदलतो. हळूहळू त्यालाही वाटायला लागतं, की आपण माणसं पकडायची, त्यांची उलटतपासणी घ्यायची, शिक्षा द्यायची. यातलं एकही काम त्याचं नाही. चौकशी दुसरं कार्यालय करतं, शिक्षा तिसरंच कोणी देतं, आणि ती बऱ्याचदा हजारो किलोमीटरवरच्या देशात दिली जाते. या विभागाच्या हातात उरतं ते एवढंच: तक्रार कागदावर आणणं, ती योग्य दाराशी वेळेत पोचवणं आणि तक्रार करणारा माणूस मधल्यामध्ये हरवू न देणं.

ऐकायला हे कारकुनी वाटतं. म्हणून एक उदाहरण आधीच सांगतो. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात 2014 साली लहान मुलांनी परदेशी सैनिकांकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांची माहिती संयुक्त राष्ट्रांच्या माणसांना दिली. आरोप ज्यांच्यावर होते त्यात फ्रान्सचे सैनिक होते, म्हणजे ते संयुक्त राष्ट्रांच्या हुकमतीखालचे नव्हते. पण माहिती तर संयुक्त राष्ट्रांकडे होती. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीश मारी देशाँ यांच्या स्वतंत्र समितीनं डिसेंबर 2015 मध्ये अहवाल दिला, त्याचा रोख असा होता: माहिती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि आपलं काम म्हणून ती कोणीच उचलली नाही. वाईट माणसं थोडी होती, हात झटकणारी पुष्कळ. नव्या माणसानं हे डोक्यात ठेवून कामाला लागावं.

पहिली पायरी: हा माणूस कोणाचा?

गावकऱ्यांच्या दृष्टीनं पांढऱ्या गाडीतून उतरणारा प्रत्येक जण ‘यूएनवाला’. कायद्याच्या दृष्टीनं मात्र एकाच गाडीत चार वेगवेगळ्या जातकुळीची माणसं बसलेली असतात आणि चौघांची प्रकरणं चार वेगळ्या वाटांनी जातात. तक्रार आल्यावर ‘काय झालं’ याच्या बरोबरीनं ‘कोण’ हा प्रश्न लगेच सोडवावा लागतो. इथे चूक झाली तर महिनाभरानं कागद चुकीच्या दारातून परत येतात.

सगळ्यांत अवघड प्रकरण सैन्यतुकडीतल्या जवानाचं. तो निळं शिरस्त्राण घालतो, फोर्स कमांडरचा आदेश पाळतो, पण शिस्तीच्या बाबतीत तो आपल्याच देशाचा असतो. यजमान देशाशी केलेल्या करारानुसार त्यानं तिथे गुन्हा केला तरी खटला चालवण्याचा अधिकार फक्त त्याच्या देशाला. यजमान देशाचं न्यायालय त्याला हात लावू शकत नाही, आणि संयुक्त राष्ट्रांकडे तर न्यायालयच नाही. सैन्य पाठवणाऱ्या देशांबरोबरच्या सामंजस्य करारात 2007 साली आचरणाचा भाग नव्यानं घातला गेला. त्यानुसार गंभीर तक्रार आली की त्या देशाला कळवायचं. आपण राष्ट्रीय चौकशी अधिकारी पाठवणार की नाही, हे त्या देशानं दहा कामकाजी दिवसांत सांगायचं. उत्तर आलं नाही, तर देशाला चौकशी करायची नाही असं धरून संयुक्त राष्ट्रं स्वतःची प्रशासकीय चौकशी सुरू करू शकतात. तोवर पुरावा राखण्याचं काम मिशनचं. हे दहा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं मोजा. अकराव्या दिवशी आठवण झाली तर उपयोग नाही.

लष्करी निरीक्षक आणि संयुक्त राष्ट्र पोलीस यांचा दर्जा ‘मिशनवरील तज्ज्ञ’ असा असतो. त्यांना 1946 च्या विशेषाधिकार करारानुसार फक्त कामापुरतं संरक्षण आहे. यात एक मेख आहे. पोलिसांच्या सशस्त्र तुकड्या दिसायला अगदी सैन्यासारख्या: बराकी, रायफली, सकाळची परेड. पण कायद्यानं त्या याच तज्ज्ञांच्या गटात मोडतात. नवी माणसं इथे हमखास गोंधळतात.

नागरी कर्मचारी, मग तो स्थानिक असो की बाहेरचा, संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचारी नियमांखाली येतो. स्वयंसेवकांच्या सेवाशर्ती वेगळ्या आणि त्यांच्यावरची कारवाई त्यांच्या स्वतंत्र कार्यक्रमाकडून होते. कंत्राटदाराची माणसं, म्हणजे सफाईवाले, रखवालदार, जनरेटर सांभाळणारे, ही कंत्राटातल्या कलमांनी बांधलेली. त्यांच्याबाबत कंपनीला नोटीस जाते आणि वेळ आलीच तर कंत्राट रद्द होतं.

विशेषाधिकाराबद्दल कँपमध्ये एक आवडती गैरसमजूत असते: ‘आम्हाला इम्युनिटी आहे.’ ती त्या माणसाची नसते, संस्थेची असते. न्यायाच्या आड येत असेल तर ती काढून घेण्याचा सरचिटणीसांना नुसता अधिकार नाही, करारानं त्यांच्यावर तसं कर्तव्यच टाकलेलं आहे. प्रत्येक नव्या तुकडीपुढे हे एक वाक्य ठासून सांगा.

दुसरी पायरी: नियम पाठ नकोत, फरक कळू द्या

नियमावली मोठी आहे, ती हळूहळू वाचून होईल. पहिल्या आठवड्यात एक कागद मात्र पूर्ण वाचा: ऑक्टोबर 2003 चं सरचिटणीसांचं परिपत्रक. पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांमध्ये मदतीच्या बदल्यात शरीराची मागणी होत असल्याच्या तक्रारी आल्या, त्यानंतर ते निघालं. त्यातल्या तरतुदी स्वच्छ आहेत. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीशी लैंगिक संबंध निषिद्ध, मग त्या देशात संमतीचं वय काहीही असो. ‘मला वाटलं ती मोठी आहे’ हा बचाव चालत नाही. पैसा, नोकरी, वस्तू, धान्य यांच्या बदल्यात संबंध निषिद्ध, तिथला कायदा वेश्याव्यवसायाला परवानगी देत असला तरीही. आणि ज्याला संशय आला त्यानं कळवलंच पाहिजे. ते त्याच्या मर्जीवर नाही.

आता फरक. स्थानिक रहिवाशांबाबत घडतं ते लैंगिक शोषण किंवा अत्याचार. कार्यालयात सहकाऱ्याबाबत घडतं तो लैंगिक छळ. त्यासाठी 2019 चं वेगळं परिपत्रक आहे आणि तेच भेदभावाला आणि अधिकाराच्या गैरवापरालाही लागू होतं. दोन्हींचे फॉर्म वेगळे, मदतीची व्यवस्था वेगळी. कँपमधल्या सफाई कामगार बाईंची तक्रार कुठे बसते? त्या कंत्राटदाराच्या कामगार आहेत आणि शेजारच्या गावच्या रहिवासीही. अशा वेळी खाना शोधत बसू नका. जास्त संरक्षण ज्या वाटेनं मिळेल तीच वाट धरा आणि वर विचारा.

लैंगिक गुन्ह्यांच्या बातम्या होतात, पण रोजच्या टपालात डिझेल जास्त असतं. जनरेटरचं इंधन टाकीतून निघतं आणि बाजारात पोचतं. त्याखेरीज शिधा, सुटे भाग, खोटी वैद्यकीय बिलं, दारू पिऊन गाडी चालवणं, परवानगी नसलेल्या माणसाला गाडीत बसवणं. यातल्या शेवटच्या गोष्टीकडे काणाडोळा करू नका. रात्री नऊनंतर अनोळखी मुलगी मिशनच्या गाडीत दिसली, तर तो फक्त वाहतूक नियमाचा भंग असेलच असं नाही.

तिसरी पायरी: व्याख्यानाआधी कुंपण बघा

प्रशिक्षण सक्तीचं आहे आणि ते द्यायचंच. तैनातीआधी देश देतो, आल्यावर मिशन देतं. शिवाय ‘निळ्या शिरस्त्राणधाऱ्यांचे दहा नियम’ छापलेलं कार्ड खिशात असतं. पण ऐंशी जवान, चाळीस अंश तापमान, दुभाष्यामार्फत चाललेलं तासाभराचं सादरीकरण: त्यातून किती उतरतं हे ज्याचं त्यानं ओळखावं. माझा अनुभव असा, की चाळीस स्लाइडपेक्षा तुकडीच्याच भाषेत, तुकडीच्याच अधिकाऱ्यानं सांगितलेले तीन प्रसंग जास्त टिकतात.

खरी माहिती मिळते ती कुंपणाच्या कडेनं चालत गेल्यावर. तार कुठे वाकलेली आहे, पायवाट कुठून आत येते, मुलं कुठल्या टेहळणी बुरुजाखाली जमतात, उरलेलं अन्न कोण आणि कुठे टाकतं. उरलेल्या अन्नाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण भुकेलेली मुलं रोज एकाच जवानाकडे येऊ लागली, की दोघांमधलं नातं बरोबरीचं राहत नाही. त्यामागून राहण्याची व्यवस्था बघा: घरी बोलायला फोन आणि इंटरनेट आहे का, रजा वेळेवर मिळते का, खेळायला मैदान आहे का. एखाद्या दूरच्या चौकीवर पंधरा जण, एक तरुण अधिकारी आणि सहा महिने कोणाची भेट नाही, असं असेल तर त्या चौकीचं नाव तुमच्या जोखीम यादीत सगळ्यांत वर हवं.

या पाहणीवरून निषिद्ध ठिकाणांची यादी आणि रात्रीची संचारबंदी ठरते. यादी नोटीस बोर्डावर लावून थांबू नका. लष्करी पोलिसांबरोबर कधीमधी स्वतः गस्तीला जा. शुक्रवारी रात्री गेलात तर बरं.

चौथी पायरी: तक्रार येते तो तास

तक्रार क्वचितच तक्रारीच्या रूपात येते. दुभाषा चहा पिताना काहीतरी बोलून जातो, एखाद्या परिचारिकेचा फोन येतो, गावचा मुखिया रस्त्याबद्दल बोलायला येतो आणि जाता जाता दुसरंच सांगतो. ‘ऐकीव आहे’ म्हणून ते सोडून देऊ नका. ऐकीव माहितीचीही नोंद होते, फक्त ती ऐकीव आहे असं त्यात लिहायचं.

समजा, एक बाई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन फाटकावर आल्या आहेत. आधी बसायला जागा, पाणी, आडोसा. रखवालदारांसमोर एक शब्दही विचारायचा नाही. दुभाषी शक्यतो स्त्री असावी, आणि त्याच वस्तीतली नसावी. मुलगी जखमी आहे का, तिला आज रात्री कुठे राहणं सुरक्षित आहे, हे आधी. बलात्कार झाला असेल तर एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. तुमचा फॉर्म थांबू शकतो, ती औषधं थांबू शकत नाहीत.

मग ऐका. कोण, कुठे, कधी, ती स्वतः सांगते तेवढंच. वर्दीवरचा झेंडा, गाडीचा नंबर, दंडावरचा बिल्ला, बोलण्याची भाषा, यातलं जे आठवेल ते तिच्याच शब्दांत लिहा. ‘नक्की का?’, ‘मग ओरडली का नाहीस?’ असले प्रश्न तुमच्या तोंडी येता कामा नयेत. सविस्तर जबाब प्रशिक्षित चौकशी अधिकारी घेईल. लहान मुलाला तीच हकिकत चार वेळा सांगायला लावली की त्याला चार वेळा त्रास होतो, वर प्रत्येक वेळी तपशील जरा हलतो आणि पुढे बचावाचा वकील नेमकं तेच धरतो.

आणि वचन देऊ नका. ‘त्याला आम्ही सोडणार नाही’ हे वाक्य मनापासून आलं तरी गिळा, कारण ते तुमच्या हातात नाही. ‘आज काय होईल, उद्या कोण फोन करेल आणि माझं नाव काय’ एवढं सांगा, आणि ते तंतोतंत पाळा.

कागद जपा, वस्तूही जपा. फाटकाची नोंदवही, त्या रात्रीच्या ड्यूटीचा तक्ता, गाडीच्या कार-लॉगची (गाडी कधी, कुठे गेली हे नोंदवणाऱ्या यंत्राची) माहिती, कॅमेऱ्याचं चित्रण. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा त्याची प्रत पहिल्या दिवशीच मागा. कपडे धुऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. कागदी पिशवीत ठेवा.

पाचवी पायरी: योग्य दार

तक्रारी ढोबळपणे दोन प्रकारांत विभागतात. पहिल्यात लैंगिक शोषण, मोठा आर्थिक गैरव्यवहार आणि गंभीर गुन्हे. ही प्रकरणं प्रामुख्यानं 1994 साली स्थापन झालेल्या अंतर्गत देखरेख कार्यालयाची, म्हणजे ओआयओएसची. दुसऱ्यात किरकोळ चोरी, वाहतूक, आपापसातली भांडणं. ती मिशनच्या विशेष तपास पथकाकडे, लष्करी पोलिसांकडे किंवा नेमलेल्या पॅनेलकडे जातात. कर्मचाऱ्याविरुद्धच्या प्रत्येक तक्रारीची प्रत ओआयओएसला जातेच, आणि कुठलंही प्रकरण स्वतःकडे घेण्याचा अधिकार त्यांना आहे. ‘हे आपल्या पातळीवर मिटवू’ असं कोणी वरिष्ठ म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. प्रत पाठवा आणि पाठवल्याचं त्याला कळवा.

तुम्ही स्वतः चौकशी करायला जाऊ नका. मोह होतो, कारण आरोपी समोरच्या बराकीत असतो. पण ‘सहज विचारलं’ म्हणून तुम्ही त्याला सावध केलंत, की फोन बदलतो, साक्षीदार बदलतात आणि पुढचं सगळं बिघडतं.

दरम्यान काय करता येतं? माणसाला दुसऱ्या ठिकाणी हलवता येतं, गाडीचा परवाना काढून घेता येतो, तुकडीच्या कमांडरला सांगून कँपबाहेर जाणं बंद करता येतं, आणि नागरी कर्मचाऱ्याला प्रशासकीय रजेवर पाठवता येतं. ही शिक्षा नव्हे, हे त्यालाही नीट समजावून सांगा. त्याचेही हक्क आहेत: आरोप लेखी मिळणं, उत्तर द्यायची संधी, कर्मचारी असेल तर कायदेशीर मदत, चौकशीत निरीक्षक म्हणून कोणाला तरी सोबत नेणं. हे हक्क डावलून मिळवलेली बडतर्फी न्यायाधिकरणात उलटते. 2009 पासून संयुक्त राष्ट्रांची द्विस्तरीय न्यायव्यवस्था आहे, आणि जिथे नोकरी जाऊ शकते तिथे ‘स्पष्ट आणि खात्रीलायक’ पुरावा लागतो, नुसता झुकता तराजू पुरत नाही.

निकाल, आणि तो न येणं

नागरी कर्मचाऱ्याची शिक्षा मिशनमध्ये ठरत नाही, न्यूयॉर्कमध्ये ठरते. शिक्षा लेखी ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत. मध्ये दंड, वेतनवाढ रोखणं, पदावनती, बिनपगारी निलंबन. वरिष्ठानं दिलेली लेखी समज आणि शिस्तभंगाचा लेखी ठपका या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली प्रशासकीय आहे, शिक्षा नाही. फाइलवर चुकीचा शब्द लिहिलात तर अपिलात तोच शब्द तुमच्यापुढे धरला जाईल.

जवानाच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रं त्याला परत पाठवू शकतात आणि पुन्हा कुठल्याही मिशनमध्ये घेणार नाही असं ठरवू शकतात. तुरुंग, कोर्ट मार्शल, बडतर्फी हे त्याच्या देशाचं. हैतीतून 2007 साली श्रीलंकेच्या तुकडीतल्या शंभराहून अधिक जणांना परत पाठवलं गेलं. पुढे काय झालं, हा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षं विचारला जात राहिला. म्हणूनच मार्च 2016 मध्ये सुरक्षा परिषदेनं ठराव 2272 केला: अत्याचार व्यापक किंवा पद्धतशीर असल्याचा विश्वासार्ह पुरावा असेल तर अख्खी तुकडी परत, आणि देश चौकशी करत नसेल, दोषींना जाब विचारत नसेल, तर त्या देशाच्या तुकड्या बदला. त्याच्या काही महिने आधी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या मिशनच्या प्रमुखांनी, बाबाकार गाये यांनी, सरचिटणीसांच्या सांगण्यावरून राजीनामा दिला होता. जबाबदारी वरपर्यंत जाते, हे तुमच्या प्रमुखांना पटवताना हे दोन दाखले उपयोगी पडतात.

देशाकडून उत्तर येत नाही तेव्हा स्मरणपत्र पाठवत राहणं हेच काम. कंटाळवाणं आहे. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन पाठवा.

तक्रारदाराची वाट

चौकशी रखडली तरी मदत रखडू नये. वैद्यकीय उपचार, समुपदेशन, सुरक्षित निवारा, कायदेशीर सल्ला: ही मदत आरोप सिद्ध होण्यावर अवलंबून नसते. 2016 साली पीडितांसाठी विश्वस्त निधी निघाला; तो रोख भरपाई देत नाही, सेवा आणि उपजीविकेच्या प्रकल्पांना पैसे देतो. हे सुरुवातीलाच सांगितलं नाही तर दोन वर्षांनी ‘पैसे मिळणार होते’ असा समज गावभर पसरलेला असतो. 2017 पासून पीडितांच्या हक्कांसाठी स्वतंत्र अधिवक्ता आहेत, काही मिशनमध्ये त्यांचे प्रतिनिधीही असतात. असतील तर पहिल्या दिवसापासून त्यांना सोबत घ्या.

मूल जन्माला आलं असेल तर पितृत्वाचा दावा येतो. डीएनए नमुने, वडिलांचा देश, तिथलं न्यायालय: मिशन यात मध्यस्थ. आईकडे मुलाचा जन्मदाखला आहे ना, हे आधी बघा. तो नसेल तर बाकीचं सगळं त्यावर अडतं.

तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याचा करार अचानक वाढवला गेला नाही, त्याची बदली झाली, त्याला बैठकींना बोलावणं थांबलं, तर ते सूडाचं लक्षण असू शकतं. अशा माणसाला एथिक्स ऑफिसचा रस्ता दाखवा, आणि तारखा लिहून ठेवायला सांगा.

बदलीच्या आधी

तुकड्या सहा किंवा बारा महिन्यांनी बदलतात, निरीक्षक साधारण वर्षानं, आणि तुम्हीही कधीतरी जाल. प्रकरणं त्याहून जास्त जगतात. जाण्यापूर्वी प्रत्येक उघड्या फाइलच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहा: कागद सध्या कोणाकडे आहे, शेवटचं स्मरणपत्र कधी गेलं, पुढची तारीख कोणती, तक्रारदाराशी शेवटचं बोलणं कोणी आणि केव्हा केलं. नव्या माणसाला घेऊन गावात जा आणि त्याची ओळख करून द्या. तक्रारदाराकडे जो फोन नंबर आहे तो तुमचा खासगी असेल, तर विभागाचा नंबर तिला लिहून द्या आणि तिच्यासमोरच तो लावून बघा.